आवाज करणारा टोस्टर

दुकानदाराने सहावा टोस्टर पुढे ठेवला तोवर माझे पाय बोलायला लागले होते. दिवसभर इस्पितळाच्या धोबीखान्यात चादरींवर इस्त्री फिरवून आलेली मी. मला फक्त आडवं व्हायचं होतं. पण रविवारी दादा येणार होता.

आईची नजर गेल्या वर्षी गेली. सकाळच्या गोळ्या तिला उपाशीपोटी चालत नाहीत, आणि मी उजाडायच्या आत कामाला निघते. चहा थर्मासमध्ये भरून ठेवते, पण झाकून ठेवलेलं गार खाणं तिच्या घशाखाली उतरत नाही. ते गरम करायला ती गॅस पेटवते. मागच्या आठवड्यात बोटं भाजली. दादाने फोनवरच निकाल लावला, "तिला एकटीला सकाळचं खाता येत नसेल, तर मी वृद्धाश्रमात जागा बघून ठेवलीय. रविवारी येऊन बघतो." स्वतःच्या घरात मात्र त्याला जागा दिसली नाही.

"हा न्या ताई. काचेची बटणं, अजिबात आवाज नाही."

"मला आवाज करणारा हवाय. आणि परवडणारा."

मी डोळे मिटून टोस्टर चाचपला. सगळं गुळगुळीत, बटण कुठलं नि काच कुठली कळेना. गिऱ्हाइकं माझ्याकडे बघायला लागली. बघेनात का! शेवटी माळ्यावरचा एक धुळकट खोका खाली आला. त्यातल्या टोस्टरचा दांडा चांगला जाड, चकतीला बोटाला लागतील अशा खाचा. मी तो तिथेच लावून बघायला लावला. असा काही खटका उडाला की दुकानदारच दचकला.

"जुना माल आहे, पण लवकर बिघडत नाही. वेळ झाली की आपोआप बंद."

घरी आईने त्याच्यावरून हात फिरवला. रोज संध्याकाळी सराव. मी हात धरायला गेले की म्हणायची, "सोड गं, मी काय कुक्कुलं बाळ आहे?" भाजलेला पाव मात्र मलाच द्यायची. "तूच खा, दमून येतेस." मी खायचे. भूक लागलेली असायची.

रविवारी दादा हाताची घडी घालून बसला. आईने पाव घातले, दांडा दाबला, खटका ऐकला, कडेला धरून पाव ताटलीत काढले. कुठे चटका नाही. एक तिने दादालाच दिला.

"बरं," तो कुरकुरीत घास चावत म्हणाला. "राहू दे इथेच."

तो गेला तशी मी भिंतीला टेकून बसले. हायसं वाटलं. मग आईकडे लक्ष गेलं. ती उरलेला पाव चहात बुडवून त्याचा पार लगदा करत होती.

"असा का खातेस?"

"मग काय करू? कवळी कुठे बसतेय मला?"

ती सैल झालेली कवळी मीच डबीत घालून कपाटात ठेवली होती. दांडा तपासला, खाचा तपासल्या, खटका तपासला, आईचं तोंड तेवढं विसरले. मला रडूच फुटलं.

"इतके दिवस बोलली का नाहीस?"

"आणि दादाला कळलं असतं म्हणजे?" तिने चाचपत माझा हात शोधला. "जमतं गं मला. थर्मास तेवढा काठोकाठ भरत जा."