वाकड्या मानेचा वंश

गावातल्या कोंबड्या मरू लागल्याला नऊ दिवस झाले होते आणि भागीरथाच्या मनात सारखं येत होतं, की आपलीही एखादी मरावी.

खुराड्याचं फळकूट सारून ती वाकून पाहत होती. अकरा कोंबड्या आणि एक कोंबडा, बाराही जण एकमेकांना ढुशा देत बाहेर आले आणि अंगणात पांगले. त्यातली तांबडी परवा मान टाकून बसली होती, हिरवं हगत होती. खरं सांगायचं तर तेव्हा भागीरथाला हायसं वाटलं होतं. आज तीच तांबडी उकिरडा उकरत होती. मान जराशी डावीकडे कलली होती, एवढंच.

"मेली का?" घरातून तिच्या नवऱ्याने, प्रेमदासने विचारलं.

"नाई."

 दोघांच्याही मनात एकच गोष्ट होती आणि ती तोंडावर आणायला दोघंही भीत होते.

भिवखेडा देवळीपासून अडीच कोसांवर. नाल्याच्या अलीकडे गाव, पलीकडे यांची बावीस घरांची वस्ती. मागच्या दसऱ्याला वस्तीतली सगळी माणसं नागपूरला जाऊन बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन आली होती. देव्हाऱ्यातले देव नाल्यात गेले. पिढ्यान्‌पिढ्या साथीच्या देवीचा, मरीमायचा गाडा शिवेपर्यंत ओढायचं काम या वस्तीकडे होतं. यंदा वस्तीतल्या वडीलधाऱ्या नानाजींनी गावाला सरळ सांगितलं, की आता आम्ही ओढणार नाही. तेव्हापासून गावाने यांना शेतावर बोलावणं बंद केलं, पिठाची गिरणी बंद केली. आणि चैत्र लागता लागता मानमोडी आली.

देवळीच्या बाजारातून कोणीतरी दोन कोंबड्या आणल्या, त्यांच्याबरोबर ती आली म्हणतात. कोंबडी आधी सुस्त व्हायची, मग चोच वासून श्वास ओढायची, मग मान पिळल्यासारखी मागे वळायची आणि पाय झाडत संपायची. घरोघरी टोपल्या भरून कोंबड्या नाल्यात पडू लागल्या. गावातले मोठे शेतकरी मधुकरराव यांनी सरकारी योजनेतून तीस पांढऱ्या विलायती कोंबड्या आणल्या होत्या. तारेच्या जाळीत ठेवलेल्या त्या कोंबड्या बघायला लांबून माणसं यायची. त्या तीसच्या तीस चार दिवसांत मेल्या. वस्तीतही तेच. शेजारच्या सीताबाईकडे एक पिल्लू उरलं नाही.

भागीरथाच्या मात्र बारा होत्या, त्या बारा राहिल्या.

त्याच सकाळी सीताबाई आली. नेहमी चुलीपाशी येऊन बसणारी बाई अंगणाच्या कडेलाच उभी राहिली.

"भागीरथा, खरं सांगजो. तू कोनाकडं गेलतीस?"

"कोनाकडं म्हंजे?"

"धागा, अंगारा, काई तरी केलं असशील. आपन दीक्षा घेतली, ते खरं. पन भेव वाटलं तर मानूस जाते. मी कोनाले सांगत नाई. मले बी थोडा दे."

"माये, मी कुटंच गेली नाई. कोंडा टाकतो आन पानी ठेवतो. तू पाहूनच राह्यली ना रोज?"

सीताबाईने मान हलवली, पण जाताना तिने अंगणातली धूळ काठाला लागू नये म्हणून लुगडं वर धरलं. भागीरथाने ते पाहिलं. आपल्याच माणसाला आपल्या अंगणाची भीती वाटली, तर नाल्यापलीकडे काय बोलत असतील?

ते दुपारच्या आधीच कळलं. मधुकरराव चार माणसं घेऊन नाल्यापर्यंत आले. पाणी ओलांडून या बाजूला आले नाहीत. तिथूनच ओरडून म्हणाले, "प्रेमदास! मायचा गाडा तुमी बंद केला, तिचा कोप झाला. गाव ओस पडून राह्यलं आन तुह्या बायकोच्या कोंबड्याले साधी शिंक नाई. हे आमाले समजत नाई काय? उद्या दुपारपर्यंत बाराच्या बारा मायपुढं आनून कापा. नाई आनल्या तर आमी येतो न्याले. मग कोंबड्याच नेऊ असं नाई."

 प्रेमदास घरात येऊन म्हणाला, "देऊन टाकू. पोरीच्या गावाले निघून जाऊ. मागच्या महिन्यात पलीकडच्या गावात वस्तीच्या गंज्या पेटवल्या, आयकलं ना तू?"

नानाजी तोवर आलेच होते. "देऊ नको," ते म्हणाले. "आज कोंबड्या दिल्या तर उद्या गाडा ओढा म्हनतीन. मी देवळीले जातो. ढोराच्या दवाखान्यातला डाक्टर आनतो. कशानं मरून राह्यल्या ते सरकारच्या मानसानं सांगू दे."

"आन तो आला नाई तर?"

 नानाजींनी काठी घेतली आणि ते उन्हातच निघाले.

दुपार चढली. प्रेमदास वस्तीतल्या माणसांशी बोलायला गेला होता. भागीरथा एकटीच ओट्यावर बसून होती. एक जरी मेलेली दिसली, तर गाव म्हणेल, हिच्याही मरतात. मग करणीचं बोलणं आपोआप थांबेल. हा विचार डोक्यात शिरला आणि निघेना. तांबडी तशीही आजारीच होती. तांबडी गेली तर कोणाला नवल वाटणार नाही.

जीव घेणार नाही, असं तिने नागपूरला हात जोडून म्हटलं होतं. सहा महिने ते पाळलंही होतं. तिने तांबडीला पदराखाली घेतलं, घरात नेलं, दार लोटलं. कोंबडी ओळखीच्या हातात मुकाट बसून राहिली. भागीरथाने डोळे मिटले आणि तिची मान मुरगळली.

मग ते कलेवर नाल्याकाठच्या उकिरड्यावर, पलीकडून दिसेल असं टाकलं आणि घरी येऊन हात धूत बसली. किती वेळ धूत होती, तिला कळलं नाही.

पण गावही आंधळं नव्हतं. नऊ दिवस मेलेल्या कोंबड्या हाताळून माणसं शहाणी झाली होती. दिवस मावळायच्या आत एकाने तांबडीला काठीने उलटून पाहिलं. "हे मानमोडीनं मेली नाई," तो ओरडला. "हिची मान मुरगयली! भागीरथा कोंबडीचा बळी देऊन राह्यली कोनाले तरी!"

पलीकडे माणसं जमली. एकाने तांबडी पोत्यात भरून नेली. वस्तीतली दारं एकामागून एक लागली. सीताबाईचंही लागलं. रात्रभर दोघं नवरा-बायको पाठीला पाठ लावून बसून राहिली. प्रेमदासने तिला एकदाच विचारलं, "काऊन केलं?" 

सकाळी गाव दुपारची वाट न पाहता नाला ओलांडून आलं. तीस-चाळीस माणसं असतील. बऱ्याच जणांच्या हातात काठ्या होत्या. एकाच्या हातात रॉकेलचा डबा होता, आणि तो डबा लपवतही नव्हता. बायका मागे, नाल्याच्या काठावर उभ्या. भागीरथा खुराड्याला पाठ लावून उभी राहिली. आत कोंबड्या फडफडू लागल्या.

"बाजूले हो," मधुकरराव म्हणाले.

तेवढ्यात वस्तीच्या वाटेने बैलांच्या बंडीचा आवाज आला. नानाजी पुढे बसले होते आणि मागे पेटी मांडीवर घेतलेला, धुळीने माखलेला एक चष्मेवाला तरुण. सरकारी माणूस दिसताच काठ्या जराशा खाली आल्या. डॉक्टरने कोणाला दरडावलं नाही. त्याने मधुकररावांनाच विचारलं, "तुमची एखादी कालपरवा मेलेली आहे का? मला दाखवा. आणि ती पोत्यातलीही द्या."

दोन्ही आल्या. त्याने पेटीतून चाकू काढला, पांढरीचं पोट सगळ्यांसमोर उभं चिरलं आणि आतली पिशवी उलटून दाखवली. तिच्यावर रक्ताचे लाल ठिपके होते. "हा रोग आहे. डोळ्यांना दिसत नाही इतक्या बारीक विषाणूचा. एकीच्या विष्ठेतून, दाण्यापाण्यातून दुसरीला होतो." मग त्याने तांबडी चिरली. तिथेही ठिपके होते, पण फिके, मिटत आलेले. तो बराच वेळ बघत राहिला.

"हिलाही झाला होता," तो म्हणाला. "पण ही बरी होत होती. मुरगळली नसती तर जगली असती."

भागीरथाने पदर तोंडात कोंबला.

"बाई, या कोंबड्या कुठून आणल्या?"

 प्रेमदासने तिच्या पाठीवर हात ठेवला तेव्हा ती बोलली. "मायच्या घरून. मी लहान होती तवा तिकडं अशीच मरी आलती. मायच्या सगळ्या मेल्या, एक राह्यली. तिची मान जलमभर वाकडी होती. माय तिचीच अंडी खुडुक कोंबडीखाली रवनाले ठेवे. लगन झालं तवा तिच्याच वंशातल्या दोन मले देल्या. मी बी तसंच केलं. मधात सहा वर्षाआधी इथं मरी आली, तवा ज्या वाचल्या त्याइचीच अंडी ठेवली."

"आता आहेत त्या तेव्हाच्या?"

"नाई जी. ह्या नंतरच्या. दोन वर्षाच्या वरची एक बी नाई."

डॉक्टरने चष्मा पुसला. "म्हणजे यांना आधी रोग होऊन गेलेला नाही. तरी टिकल्या. मी खात्री देत नाही, पण काही कोंबड्यांच्या रक्तातच झुंजायची ताकद असते, आणि ती पिलांत उतरते. या बाईने आणि हिच्या आईने न कळता तेवढ्याच निवडून ठेवल्या."

"हे आमाले नोका सांगू," मधुकरराव म्हणाले. "रक्तात असतं तर दुसऱ्याच्या घरी बी जगल्या असत्या. हिच्याच अंगनात काऊन जगतात?"

गर्दी हुंकारली. डब्यावाला दोन पावलं पुढे आला.

"बरोबर विचारलंत," डॉक्टर म्हणाला. "बाई, याच कोंबड्यांची अंडी कोणाला दिली होती का?"

 भागीरथाने दिली होती. पौषात, बहिष्कार चालू असताना, मधुकररावांची बायको विमलाबाई नाल्यावर एकटी आली होती. माझ्या माहेरी असल्या काळ्या पायाच्या कोंबड्या होत्या, म्हणाली, आणि पदरात सहा अंडी घेऊन गेली. जाताना हात धरून म्हणाली होती, कोणाला सांगू नको, मला घरात ठेवणार नाहीत.

सांगितलं तर आपण कदाचित सुटू. पण त्या बाईचं काय होईल? आणि तिची पिल्लंही मेली असतील तर? भागीरथा जमिनीकडे पाहत राहिली. "नाई," ती म्हणाली. "कोनालेच नाई."

"खोटं बोलून राह्यली ते," नाल्याच्या काठावरून कोणीतरी म्हणालं.

विमलाबाई होती. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. माणसं बाजूला झाली तशी ती पाण्यातून चालत आली. नवऱ्याकडे तिने पाहिलं नाही. "मी नेली व्हती सहा अंडी. चार निंघाली. गोठ्यामागं बांबूच्या झापाखाली ठेवली. तुमच्या तीस मेल्या तवा त्या चारीले बी झालं. एक मेली. तीन कालपासून दाना खाऊन राह्यल्या. जा, पाहून या."

 मधुकररावांनी बायकोकडे असं पाहिलं, की भागीरथाला पुन्हा भीती वाटली, या वेळी विमलाबाईसाठी. मग गर्दीतला एक म्हातारा गोठ्याकडे गेला. तो काळ्या पायांच्या तीन तरण्या कोंबड्या, तलंगा, झापासकट उचलून घेऊन आला, तेव्हा तीन चोची झापाच्या फटीतून बाहेर आल्या होत्या आणि त्याच्या बोटांना टोचत होत्या.

"मधुकरराव, तुमच्या घरात बी करनीच हाये का मंग?" म्हाताऱ्याने विचारलं. मागे कोणीतरी हसलं, लगेच गप्प झालं. रॉकेलचा डबा घेऊन आलेला माणूस सगळ्यात आधी परत फिरला.

डॉक्टर दोन दिवस राहिला. मेलेल्या कोंबड्या त्याने जाळून टाकायला लावल्या, आसपासच्या गावांत लस टोचली आणि जाताना भागीरथाकडून दहा अंडी मागून नेली. त्यांचं पुढे काय झालं, ते कधी कळलं नाही. बहिष्कार काही त्या दिवशी उठला नाही. गिरणी पावसाळ्यात सुरू झाली, शेतावरचं बोलावणं त्याच्याही नंतर आलं. विमलाबाईला मधुकररावांनी माहेरी पाठवलं. ती परत येईल की नाही, यावर गावात पैजा लागल्या.

ती दिवाळीनंतर आली. एका सकाळी भर उजेडात नाला ओलांडून भागीरथाच्या ओट्यावर येऊन बसली. वाळली होती. 

"तू नाव घेतलं नाई माहं," विमलाबाई म्हणाली.

"तुमी सोताच घेतलं."

"भेव वाटे. अजून वाटते." तिने घामेजलेलं कपाळ पुसलं. "पानी दे ना मले."

भागीरथा उठली. आधी तिने वाटेकडे पाहिलं, मग पलीकडच्या काठाकडे. तिथे दोन बायका धुणं थांबवून इकडेच बघत होत्या. तिचा हात तांब्यावर क्षणभर थबकला. मग तिने तांब्या घासून भरला आणि विमलाबाईच्या हातात दिला.