स्वच्छ डोळे

जिन्याच्या वळणावर थांबून बसड्रायव्हरने ड्रॉप्सच्या बाटलीचं झाकण फिरवलं, मान मागे टाकली आणि हात तसाच अधांतरी राहिला. हीच बाटली दुपारी डॉक्टरीणबाईंनी केरात टाकायला सांगितली होती. वर घरात बायको होती आणि दार उघडताच ती आधी त्याचे डोळे बघणार होती.

त्याने दारू सोडल्यापासून तिचा हा शिरस्ता होता. तोंडाचा वास वेलची चघळून मारता येतो, हे ती जुन्या दिवसांत पुरेपूर शिकली होती. डोळे लपवता येत नाहीत, असं तिचं म्हणणं.

गेल्या वर्षी रस्त्यावरच्या धुळीने डोळे लाल झाले आणि तिचा चेहराच उतरला. डॉक्टरीणबाईंनी आठवड्यापुरते ड्रॉप्स दिले, संपल्यावर दाखवायला या म्हणाल्या. हा कसला जातोय! डोळे स्वच्छ झाले, घर शांत झालं, निदान त्याला तसं वाटलं. थांबवलं की लाली परत, तिची ती नजर परत. औषधाच्या दुकानातला माणूस रिकामं खोकं बघून नवी बाटली पुढे सरकवायचा, चिठ्ठीबिठ्ठी काही विचारायचा नाही. पठ्ठ्याने वर्षभर ड्रॉप्स घातले.

काल एका वळणावर कंडक्टर ओरडला, तेव्हा कुठे त्याला डावीकडचा सायकलवाला दिसला. सायकलवाला वाचला. याने मात्र आज दुपारी डॉक्टरीणबाईंचा दवाखाना गाठला.

"यात जंतूंवरचं औषध आहे तसं स्टेरॉइडही आहे," डॉक्टरीणबाई आज म्हणाल्या. "मनानेच घालत राहिलात, डोळ्यांतला दाब वाढला. डावीकडची नजर गेली ती गेली. उरलीय ती राखू. आता हे दुसरे ड्रॉप्स रोज घालायचे, न चुकता. आणि तूर्तास बस बंद."

"डोळे लाल होतील का हो?"

"यांनी थोडे होतात. त्याचं काय एवढं?"

बाईंना काय सांगणार, कप्पाळ!

त्याने झाकण घट्ट लावलं आणि वर जाऊन बेल दाबली. बायकोने दार उघडलं. वाटभर चोळून चोळून लालभडक झालेले त्याचे डोळे तिने पाहिले आणि ती बाजूला झाली.

खुर्चीवर बसून त्याने सगळं सांगितलं. बाटलीही पुढे ठेवली.

"वर्षभर मला धड झोप नाही," ती म्हणाली. "दिवसभर धूळ खाणाऱ्या माणसाचे डोळे इतके स्वच्छ कसे? मला वाटलं, पुन्हा सुरू झालंय आणि काहीतरी करून लपवताय. आज तर लपवायचंही सोडलंत."

ज्या लालीला भिऊन त्याने नजर घालवली, तिच्याशिवायही संशय होताच. समोरच्या भिंतीकडे बघत तो बोलत सुटला. एक थेंब शिवलेलो नाही, डॉक्टरीणबाईंना विचार, कंडक्टरला विचार, हवं तर तोंडाचा वास घे.

"ऐकतेयस ना? गेलीस कुठे?"

"इथंच आहे." आवाज अगदी डाव्या कानाशी आला. "मघापासून पाणी धरून उभी आहे तुमच्याजवळ."

त्याने मान पूर्ण वळवली तेव्हा ती दिसली. पेला घेऊन ती त्याच्या उजव्या बाजूला आली.