काल येऊन गेलेली भाची

कवळ्या बनवायच्या त्या छोट्याशा कारखान्यात दुपारी सगळे जेवायला उठले, तरी ती आपल्या टेबलाशी बसून मावशीला फोन लावत होती. हल्ली मावशी फोन उचलतच नसे. उचलायचा तो मावशीच्या दिवंगत नवऱ्याचा पुतण्या, आणि दर वेळी साखर पेरल्यासारखं एकच उत्तर द्यायचा, “काकू आत्ताच पडल्यात. उठल्या की सांगतो.” मावशीनं उभा जन्म शाळेत पोरींना व्यायाम शिकवला होता. दिवसाढवळ्या आडवं होणं म्हणजे अंगाला गंज चढवणं, असं मानणारी बाई ती. ती इतकी झोपते तरी कशी, हा किडा भाचीच्या डोक्यात वळवळत राही. आईमागे तिला मावशीनंच लहानाचं मोठं केलं होतं. पण मावशीचं गाव लांब, कामाचा रगाडा मोठा, आणि या आठवड्यात नाही तर पुढच्या, असं म्हणता म्हणता झाडांची पानं झडून नवी आली होती.

शेवटी तिनं रजा टाकली. त्याच संध्याकाळी, ती बॅग भरत असताना, एका अनोळखी वकीलबाईंचा फोन आला.

“काल तुम्ही मावशींना घेऊन आलात, फार बरं केलंत,” वकीलबाई म्हणाल्या. “पुतण्याला दिलेलं मुखत्यारपत्र रद्द झालंय. घर त्याच्या नावावर करून घ्यायचा बेतही बारगळला. आता निर्धास्त राहा.”

“काल? मी?”

“तुम्हीच. अशी भाची प्रत्येक म्हातारीला मिळाली, तर आमचा धंदा बसेल हो.” आणि हसून त्यांनी फोन ठेवला.

मावशीनं शेजारणीला नाहीतर एखाद्या जुन्या विद्यार्थिनीला भाची म्हणून नेलं असेल, अशी तिनं मनाची समजूत घातली. जिवावरचं ओझं उतरलं होतं, हे खरं. पण ते उतरवायला दुसऱ्या कुणाला यावं लागलं, ही बोच प्रवासभर तिच्याबरोबर खिडकीशी बसून होती.

दुसऱ्या दिवशी दारात उभं राहून तिनं आपल्याकडची किल्ली लावून पाहिली. लागेना. घंटा वाजवली, तेव्हा साखळी न काढता मावशीनं फटीतून पाहिलं आणि तिचा चेहरा उजळला. “एवढ्यात परत? काही विसरलीस वाटतं?”

“कुलूप कधी बदललंस, मावशी?”

“मी कशाला बदलतेय! तूच माणूस आणून बसवलंस ना? वेंधळी ती वेंधळीच.”

घर लख्ख होतं. फोन पुन्हा आपल्या तिवईवर होता. मावशीचे गाल भरले होते आणि पाठ पूर्वीसारखी ताठ झाली होती. बोलता बोलता तिनं सगळं सांगितलं: पुतण्या फोन खिशात घालून हिंडायचा, आल्यागेल्याला खालूनच वाटेला लावायचा, आणि मजकुरावर तळहात ठेवून म्हणायचा, “काकू, इथं फक्त सही.”

“मग तू आलीस,” मावशी म्हणाली. “तिथं, त्या दाराच्या चौकटीत उभी राहिलीस आणि म्हणालीस, हात काढ आणि वाचून दाखव. मोठ्यानं. शेवटपर्यंत. त्याची अशी बोबडी वळली म्हणतेस!” आणि इतकी खळखळून हसली की, ‘ती मी नव्हे’ हे शब्द भाचीच्या ओठांपर्यंत येऊन तिथंच विरघळले. इतक्या दिवसांनी हसणाऱ्या माणसाचं हसू कोण काढून घेणार?

ती चहा ठेवायला उठली. तिनं वरचं कपाट उघडलं, मागच्या रांगेतला निळा डबा काढला, पत्ती आधणात टाकली, आणि तिचा हात हवेतच थांबला. मावशीकडे चहाचा डबा वर्षानुवर्षं खालच्या फळीवर असायचा. तो वर गेलाय, हे तिला कुणीच सांगितलं नव्हतं.

पुतण्या खालच्याच मजल्यावर राहत होता. त्याला चांगलं फैलावर घ्यायचं म्हणून ती जिना उतरली, तर तो धिप्पाड माणूस तिला बघताच भिंतीला चिकटला.

“ताई, किल्ल्या दिल्या, दागिने दिले, होतं नव्हतं ते सगळं परत केलं,” तो हात जोडून म्हणाला. “आता तरी आमच्या दाराशी उभ्या राहू नका. बोलत नाही, बसत नाही, नुसत्या बघत राहता. पोरं घाबरून शाळेला निघत नाहीत हो.”

आल्या पावली ती वर गेली.

सकाळी दोघी बँकेत गेल्या. यापुढे भाचीच्या संमतीवाचून मावशीच्या खात्याला कुणी हात लावू नये, एवढंच पक्कं करायचं होतं. अधिकारी वयस्क, मऊ बोलणारे. मावशी मधे बसली, भाची तिच्या एका बाजूला. दुसऱ्या बाजूच्या खुर्चीवर मावशीनं आपली पिशवी ठेवली. भाचीनं सही केली. अधिकाऱ्यांनी ती पडद्यावर भाची म्हणून नोंदलेल्या फोटोखालच्या सहीशी ताडून पाहिली, पुन्हा पाहिली, आणि चष्मा काढला.

“जुळत नाही.”

“पण हा फोटो माझाच आहे,” पडद्याकडे बोट दाखवत ती म्हणाली.

“चेहरा मिळतोय खरा,” ते समजुतीच्या सुरात म्हणाले. “बाई, राग मानू नका. यांच्या भाचीनंच आम्हाला बजावून ठेवलंय. मी भाची आहे म्हणून दुसरं कुणी यांच्याबरोबर आलं, तर आधी यांना विचारायचं. म्हाताऱ्या माणसांच्या बाबतीत डोळ्यांत तेल घालून राहावं लागतं.” मग ते मावशीकडे वळले. “आजी, या कोण?”

मावशीनं तिच्याकडे पाहिलं. खूप वेळ, अगदी मायेनं. तिचा हात हातात घेतला, पंजावरून अंगठा फिरवला, आणि भाचीला वाटलं, आता ही म्हणेल, म्हणणारच.

“हात गार पडलाय पोरीचा,” मावशी म्हणाली. “लांबून आलेली दिसते. हिला आधी पाणी द्या. बाकीचं काय ते माझ्या भाचीला विचारा, ती येईलच इतक्यात.”

अधिकाऱ्यांनी मान वर केली. भाचीच्या खांद्यावरून त्यांची नजर मागच्या दाराकडे गेली, आणि जीव भांड्यात पडल्यासारखे ते हसत उठून उभे राहिले.

तिला मागं वळून बघवेना. मावशीनं मात्र लगबगीनं पलीकडच्या खुर्चीवरची पिशवी उचलून मांडीवर घेतली, आणि बसायला जागा केली.