जास्तीचे दोन पाटे

काशीराम परब चिडला की सबंध सिद्धेश्वर चाळीला कळायचं. एरवी बोरीवलीचं मराठी बोलणारा हा माणूस रागाला चढला की थेट मालवणात जाऊन उतरायचा. आणि त्या मंगळवारी सकाळी त्याला जो राग चढला, तो शनिवारपर्यंत उतरलाच नाही.

कारण गाडी. चौसष्ट सालची फियाट. काशीराम गिरणीत फिटर होता. ब्याऐंशीच्या संपात गिरणी गेली, हातातलं कसब तेवढं राहिलं. पुढे कांदिवलीच्या एका कारखान्यात चिकटला, आणि तिथल्या शेटच्या अंगणात कोंबड्या जिच्यात अंडी घालायच्या ती ही गाडी शेटने ‘घेऊन जा बाबा’ म्हणून त्याच्या गळ्यात मारली. वर्षभराचे रविवार घालून काशीरामने ती उभी केली. एक बोल्ट कधी गॅरेजवाल्याकडून पिळून घेतला नाही.

चाळीतली एकुलती एक गाडी ती! मग काय विचारता? बारसं आहे, काशीराम. आजीला डोळे दाखवायचे आहेत, काशीराम. नाही म्हणायची सोय नव्हती, कारण त्याची बायको प्रेमा मध्ये पडायची. “द्या हो. गाडी काय वर घेऊन जायची आहे?”

तर त्या प्रेमाचं ऑपरेशन झालं होतं. मालाडच्या हॉस्पिटलात गर्भपिशवी काढली, पोटाला हे एवढे टाके. डॉक्टर म्हणाले, शनिवारी घरी न्या, पण जपून. पोटाला दणका बसता कामा नये. काशीरामने मनाशी ठरवलं होतं, रिक्षात नाही न्यायची हिला. आपल्या गाडीतून, मागच्या सीटवर गादी घालून, बैलगाडीच्या वेगाने न्यायची.

आणि रविवारी त्याच वॉर्डात, दोन मोसंबी घेऊन, धोंडिराम आला. चाळीतला शेजारी, एका कंपनीच्या साहेबाचा ड्रायव्हर.

“काशीराम, उद्या भाचीचा साखरपुडा आहे रे, विरारला. चावी देतोस? पाचच माणसं. रात्री आणून लावतो.”

काशीरामच्या कपाळाला आठी पडली. पण खाटेवरून आवाज आलाच, “द्या ना हो.”

दिली. आणि मंगळवारी सकाळी हॉस्पिटलातून घरी येऊन बघतो तर गाडी उजव्या कुशीवर कललेली. तो तसाच जमिनीवर आडवा झाला, खाली डोकावला. मागच्या उजव्या चाकावरच्या स्प्रिंगचे दोन पाटे मोडलेले. पाट्यांची चळत धरून ठेवणारा मधला बोल्ट तुटलेला, एक्सल बोटभर मागे सरकलेला, चाक मडगार्डला घासून घासून रबर जळलेलं. आणि तशीच ती विरारहून हाणत आणली होती!

“धोंड्याऽऽ!”

धोंडिराम मशेरी लावत बाहेर आला.

“मेल्या, माझी बायको थंय हॉस्पिटलात पडली हा, आणि तू हयसर माझ्या गाडयेचो सत्यानाश केलंस! किती जण बसलात?”

“पाचच रे. आईशप्पथ. रस्ताच खराब—”

काशीरामने मागचं दार उघडलं. सीटवर पेढ्यांचा चुरा, चुरगळलेला गजरा, एक लंगोट, आणि सीटखाली तीन चपला, तिन्ही वेगवेगळ्या मापाच्या.

“ह्या पाच जणांच्या? लंगोट कुणाचा, तुझा? अकरा तरी होतात तुम्ही, अकरा!”

धोंडिराम मशेरी थुंकायला गेला तो परत आलाच नाही.

काशीरामच्या अंगाची लाही लाही झाली. तुटलं ह्याचं दुःख नव्हतं, लोखंड आहे, तुटायचंच. पण मी तिकडे बायकोच्या उशाशी बसलोय, ती चावी तिने अंथरुणावरून द्यायला लावलीय, आणि हा तोंडावर खोटं बोलतो? बोट दिलं तर हात धरला, हात दिला तर खांदा उपटला लेकाच्यांनी!

गॅरेजवाल्याने पंधरा दिवस सांगितले. शनिवार तर चार दिवसांवर. काशीरामने कारखान्यात रजा टाकली आणि स्वतःच कामाला लागला. पुढच्या चाकांना दगड लावले. जॅक भीमराजकडून आणला. भीमराज ट्रॉम्बेला टँकर चालवायचा, तो आणि त्याची बायको शकु काशीरामच्या भिंतीला भिंत लागून राहायची. मागची बाजू उचलून खाली लाकडी ओंडके सरकवले. पाट्यांना एक्सलशी बांधणारे यू-बोल्ट असे गंजले होते की रात्रभर रॉकेलमध्ये भिजवून सकाळी पान्यावर उभा राहिला तेव्हा कुठे हलले. एकदा पाना सटकला आणि बोटांची सालटी गेली. त्यावर त्याने धोंडिरामच्या सात पिढ्यांना मालवणीत जेवायला घातलं.

आणि सल्ले! गाडी उचलली की चाळीला कंठ फुटतो. कुणी म्हणे डावीकडूनही बघा, कुणी म्हणे ग्रीस लावा. “बसताना तोंडं बंद होती काय रे तुमची?” काशीराम गाडीखालून ओरडायचा. त्याला दिसायचे फक्त पाय, आणि ते पाय मुकाट्याने निघून जायचे.

एक्सलचा दांडा वाकला होता, तो कुर्ल्याच्या भंगारातून दुसरा मिळाला. पाटे करायला तो दहिसर नाक्याला गेला. पाटेवाल्याने मोडके तुकडे उलटेपालटे करून विचारलं, “होते तसेच भरू?”

इथे काशीरामच्या डोक्याने नाही, रागाने उत्तर दिलं.

“आणखी दोन घाल. दोन्ही बाजूंना दोन-दोन. टेम्पोचे.”

“कारला टेम्पोचे?”

“तुला काय करायचंय? कापून, भोक जुळवून दे.”

बसा आता किती बसता ते. अकरा बसा, नाहीतर म्हशी बसवा. ह्या विचाराने त्याला दोन दिवसांत पहिल्यांदा बरं वाटलं.

पाटे चढवताना दुसरं टोक धरायला भीमराज आला होता. त्याने चळत बघितली आणि मान हलवली. “काशीरामभाऊ, हे जास्त होतंय. पाट्याला वजन लागतं. माझा टँकर भरलेला असला ना, की पाळण्यात बसल्यागत चालतो. रिकामा आणला की आतडी तोंडात येतात.”

“मग भरायला तुम्ही आहातच की! सगळे फुकटे!”

भीमराजने आयुष्यात एकदाही ती गाडी मागितली नव्हती. त्याने हातातलं टोक हळूच खाली ठेवलं, हात पुसले आणि घरात गेला. काशीरामला ते दिसलं. पण तोंडातून सुटलं ते सुटलं, आणि राग असा असतो की चुकलं कळलं की आणखी चढतो. त्याने उरलेलं काम एकट्यानेच ओढलं.

शुक्रवारी संध्याकाळी ओंडके काढले. गाडी चार पायांवर उभी राहिली, पण ढुंगण वर करून, बकरीसारखी. नॅशनल पार्कच्या फाटकापर्यंत फेरी मारली तर दोनदा डोकं टपाला आपटलं. “बसा लेको!” असं म्हणत तो एकटाच हसला. मागच्या सीटवर उद्या कोण झोपणार आहे, हे त्या गधड्याच्या ध्यानातच आलं नाही.

शनिवारी वॉर्डात पोचतो तर सगळे आधीच हजर. धोंडिराम, त्याची बायको द्रौपदी, भीमराज, शकु. बसने आले होते. शकुने डब्यातून पेज आणली होती. काशीरामने चौघांकडे पाठ केली आणि कपडे पिशवीत कोंबायला लागला.

“तुम्हीपण चला की गाडीतून,” प्रेमा म्हणाली.

“नको वहिनी,” धोंडिराम जमिनीकडे बघत म्हणाला. “आम्हाला बस आहे.”

काशीरामने प्रेमाला धरून धरून खाली आणलं, मागच्या सीटवर गादीवर आडवी केली, आणि जीव मुठीत घेऊन गाडी सोडली. हॉस्पिटलच्या फाटकाशी एक लहानसा उंचवटा होता. पुढची चाकं गेली. मागची गेली, आणि प्रेमा किंचाळली.

असली किंकाळी त्याने तिच्या बाळंतपणातही ऐकली नव्हती. त्याने वेग आणखी कमी केला. पुढचा खड्डा वीतभरसुद्धा नव्हता. गाडीने लाथ मारली. प्रेमाने दोन्ही हातांनी पोट धरलं, ओठ चावला, डोळ्यांतून पाणी.

“थांबा. थांबवा हो गाडी!”

थांबवली. तिचा श्वास लागला होता. थोड्या वेळाने म्हणाली, “काय केलंत गाडीला?”

“पाटे... दोन-दोन जास्तीचे घातले.”

“कुणासाठी?”

काशीराम काचेवरची धूळ पुसायला लागला.

“विचारतेय ना, कुणासाठी घातलेत?”

“त्यांच्यासाठी. परत मोडू नयेत म्हणून. परत मागूच नयेत म्हणून!”

“आणि बसलंय कोण?”

ती चिडून नाही बोलली. चिडली असती तर बरं झालं असतं. काशीरामला स्वतःचाच असा राग आला की स्टिअरिंगवर डोकं आपटून घ्यावं. चार दिवस हाताची सालटी काढून त्याने आपल्याच बायकोला मारायला काठी तासली होती. रिक्षात घालावी तर ती ह्याच्या दुप्पट उडणार. टॅक्सी त्या रस्त्याला चुकूनही नव्हती. परत वॉर्डात न्यावी तर खाट कधीच दुसऱ्याला गेली असेल.

आरशात त्याला मागचा बसस्टॉप दिसला. रांगेत चौघं उभी होती.

तो उतरला. ती शंभर पावलं त्याला घाटासारखी गेली. रांगेपाशी जाऊन उभा राहिला आणि जे तोंडातून निघालं ते भांडणाच्याच सुरात निघालं.

“चला. गाडीत बसा.”

कोणी हललं नाही. शकुने कमरेवर हात ठेवले. “का हो काशीरामभाऊ? आम्ही फुकटे ना? आमचे हे दोन दिवस नीट जेवले नाहीत तुमच्या त्या शब्दाने!”

“बसा म्हणतो ना!” तो ओरडला. रांगेतली माणसं वळून बघायला लागली. “तिला लागतंय. गाडी उडते. वजन पायजे मागे. तू सांगितलं होतंस भीमराज, मी ऐकलं नाही. मी गाढव आहे, गाढव! आता लिहून देऊ काय?”

भीमराजने बायकोची पिशवी उचलली आणि तो गाडीकडे चालायला लागला.

प्रेमाला पुढच्या सीटवर घेतलं, गादी तिच्या पाठीशी. मागे चौघं दाटीवाटीने बसली. काशीरामने बाहेर उभं राहून गाडीचं ढुंगण निरखलं. “अजून पायजे.” मग शकुनेच खिडकीतून डोकं काढून हाक दिली, “ओ मावशी, बोरीवली काय? या, फुकट!” भोपळ्यांच्या दोन टोपल्या घेतलेली एक जाडजूड भाजीवाली बसची वाट बघत होती. भोपळे डिकीत गेले, मावशी द्रौपदीच्या अर्ध्या मांडीवर. गाडी कण्हली आणि खाली बसली.

काशीरामने गाडी सोडली. पहिला खड्डा आला, सगळ्यांनी श्वास धरला. गाडी नुसती झुलली. दुसरा आला. झुलली. प्रेमाने ओठ सोडला. हायवेला लागेपर्यंत तिचे डोळे मिटले होते. मागे पाच माणसं घामाने निथळत होती, पण कोणी खोकलंसुद्धा नाही.

चाळीच्या अंगणात गाडी थांबली तशी धोंडिरामने दाराला हात घातला.

“खबरदार!” काशीराम गरजला. “वजन गेलं की गाडी उसळेल. ती उतरेपर्यंत कोणी हलायचं नाही!”

त्याने प्रेमाला हळूहळू उतरवलं. ती दाराला धरून उभी राहिली. मागे सगळे शहाण्या पोरांसारखे बसून होते. तेवढ्यात धोंडिराम खिडकीतून म्हणाला, “वहिनी, मी खोटं बोललो. पाच नव्हतो आम्ही.”

“ठाऊक आहे!” काशीराम फिस्कारला. “अकरा होतात!”

“अकरा नाही रे.” धोंडिरामने बोटांवर मोजलं. “तेरा. आणि डिकीत तांब्याचा बंब. पोरीला द्यायला.”

प्रेमाला हसू फुटलं. पोट धरून, डोळ्यांत पाणी येऊन, “आई गं, टाके, टाके” म्हणत ती हसत होती. आत शकु तोंडात पदर कोंबून हसायला लागली, भीमराज हसला, कशाचा काही पत्ता नसलेली भाजीवालीही हसली, आणि पाटे करकरायला लागले.

“गप रवा मेल्यांनो!” काशीराम बेंबीच्या देठापासून ओरडला. “तिका हसवू नका!”

तो तिला खोलीत निजवून आला. गाडीतली माणसं अजून तशीच बसलेली. त्याने ओंडके ओढत आणले, धाडकन टाकले, आणि दार उघडून जॅक भीमराजच्या हातात दिला. त्याच्याकडे न बघता म्हणाला, “तू धर. आत्ताच काढायचे ते जास्तीचे.” मग धोंडिरामकडे वळला. त्याच्या तोंडासमोर काळं पडलेलं, सालटी गेलेलं बोट नाचवत म्हणाला,

“आणि तू! पुढच्या वेळी तेरा असलात तर तेरा सांगायचं. मी दोन फेऱ्या मारीन!”