मोठ्या आवाजातलं कीर्तन

नंदकुमारचा पहिला फटका ऐकू आला की मी कीर्तन लावायचे.

फटका ओळखू यायचा. आधी स्टीलचं काहीतरी जमिनीवर आपटायचं, मग त्याच्या बायकोचा, गंधालीचा आवाज, "नको ना, ऐका ना," आणि मग तो. तीनशे तीनमध्ये मी एकटी, तीनशे चारमध्ये ते दोघं, आणि मधली भिंत एकच. मुलुंड पूर्वेतली आमची सोसायटी चाळीस वर्षांची, नावाला भक्कम, पण भिंती मेल्या पातळ. हॉलमधल्या जुन्या म्युझिक सिस्टिमला पेनड्राइव्ह लावलेलाच असायचा. बटण दाबलं की बुवांचा आवाज घरभर. सुदामा पोह्यांची पुरचुंडी काखेत मारून द्वारकेला निघालेला असायचा. मी आवाज आणखी वाढवायचे. समोर श्यामसुंदरभाऊंकडे टीव्हीचा आवाज वाढायचा. वरच्या मजल्यावर मिक्सर सुरू व्हायचा. कोणी कोणाला काही सांगितलं नव्हतं. तीन वर्षांत घडी बसली होती, एवढंच.

मंदिरात रेकॉर्ड केलेल्या त्या कीर्तनात तबला नंदकुमारचाच होता.

आमच्या विठ्ठलमंदिरात दर एकादशीला कीर्तन होतं आणि त्याची सगळी व्यवस्था मी बघते. बुवांना बोलावण्यापासून सुंठवड्यापर्यंत. नंदकुमार दिवसभर एका कारखान्याच्या ऑफिसात असायचा आणि एकादशीला तबल्यावर. त्याचा हात असा, की बुवा अभंग म्हणता म्हणता थांबून त्याच्याकडे बघत राहायचे. मलाही डोळ्यांत पाणी यायचं. खोटं कशाला सांगू?

पहिल्या वर्षी एकदा मी त्यांचं दार वाजवलं होतं. गंधालीनेच उघडलं. ओठ फुटलेला. म्हणाली, "काही नाही काकू, डबा पडला." मागून नंदकुमार म्हणाला, "या ना काकू, चहा घेऊन जा."

मी चहा घेतला.

मारिसेल जूनमध्ये आली. फिलिपिन्समधल्या इलोइलोची पोर, सव्वीस वर्षांची. इथल्या एका नव्या इंटरनॅशनल शाळेने तिला पाचवीला इंग्रजी शिकवायला आणली आणि माझ्या मागच्या खोलीत तिची पेइंग गेस्ट म्हणून सोय लावून दिली. पोरगी गुणी. भात आणि बांगडा दिसला की खूश. बादलीतून अंघोळ करायची तिला सवयच होती. पण बाहेर तिचे हाल व्हायचे. भाजीवाला नेपाळी म्हणायचा. तिने सांगितलं, मी फिलिपिन्सची. तो म्हणाला, "हां मॅडम, सेम टू सेम." पहिल्याच पालकसभेत एक बाप सगळ्यांसमोर उभा राहून म्हणाला, "आम्हाला फॉरेनची टीचर सांगितली होती, ही तर चायनीज दिसते. आमच्या मुलाचा ॲक्सेंट बिघडला तर?" त्या दिवशी ती बाथरूममध्ये नळ सोडून रडली. मला ऐकू जाऊ नये म्हणून नळ. मी बाहेर उभी राहून माझ्या बँकेतल्या इंग्रजीत म्हटलं, "ॲडजस्ट कर गं राणी. इथे सगळे ॲडजस्टच करतात."

ती मला तीता म्हणायची. त्यांच्याकडे मावशीला तसं म्हणतात.

ती आल्यावर दुसऱ्याच आठवड्यात पलीकडे ताट आपटलं. मी उठून कीर्तन लावलं, आवाज वाढवला. मारिसेल खोलीतून बाहेर आली, स्पीकरसमोर थांबली, हात जोडले आणि मान खाली घालून उभी राहिली. संपेपर्यंत हलली नाही. मग हळूच म्हणाली, "तीता, ही तुमची प्रार्थनेची वेळ का?" त्यांच्याकडे म्हणे दुपारी तीन वाजता मॉलमध्येसुद्धा लाउडस्पीकरवर प्रार्थना लागते. माणसं हातातल्या पिशव्यांसकट जागच्या जागी थांबतात. "मला वाटलं होतं इथे माझं काहीच नसेल," ती म्हणाली. "पण हे आहे."

मी काय करायला हवं होतं, ते तुम्हाला कळतंय. मलाही कळत होतं. मी म्हटलं, "हो गं. प्रार्थनाच."

तेव्हापासून आठवड्यातून दोनदा, कधी तीनदा, ती पोर स्पीकरसमोर हात जोडून उभी राहायची आणि सहा इंचांच्या भिंतीपलीकडे गंधाली मार खायची. तबला दोन्हीकडे त्याचाच.

गंधाली घरीच शिवणकाम करायची. मारिसेलचे दोन कुडते तिने आल्टर करून दिले, तेव्हा गट्टी जमली. एकीचं मराठी-हिंदी, दुसरीचं इंग्रजी, आणि हसायचं सगळं मिळून. "ए मारी, असा हात वर कर. अगं, लाजतेस काय, मी काय तुझी सासू आहे?" मारिसेलने तिच्या दंडावरचे काळेनिळे डाग बघितले होते. गंधालीने तिला जिन्यावरून पडायची खूण करून दाखवली होती.

गणपती झाले आणि मंदिरात कीर्तन सप्ताहाची तयारी सुरू झाली. सात दिवस, सात बुवा, तबल्याला सातही दिवस नंदकुमार. मी ब्लाउज टाकायला गंधालीकडे गेले. ती मशीनवर होती, मान ताठ ठेवून, ओढणी गळ्याभोवती घट्ट. मी उंबरा ओलांडला तरी मशीन थांबलं नाही.

"काकू," ती म्हणाली, "परवा त्यांनी गळा धरला."

मी ब्लाउजचं कापड मशीनवर ठेवलं.

"आधी कधी धरत नव्हते. डोळ्यांपुढे काळं झालं. आपलाच आवाज बंद होतो ना, तेव्हा तुमचं कीर्तन अगदी नीट ऐकू येतं. शब्दन्‌शब्द." तिने दोरा दातांनी तोडला. "पुढच्या वेळी मी वाचत नाही."

"सप्ताह होऊ दे गं," मी म्हटलं. "मग मी स्वतः बोलते त्याच्याशी. नीट बसवून बोलते."

ती माझ्याकडे बघून हसली. त्या हसण्यात राग असता तर बरं झालं असतं. "बाही कोपरापर्यंत ना?" तिने विचारलं.

शनिवारी सप्ताह बसणार होता. गुरुवारी संध्याकाळी सातच्या सुमारास मारिसेल टेबलावर वह्या तपासत होती आणि मी सुंठ किसत होते. पलीकडे काहीतरी पडलं. गंधालीचं "नको ना" आलं. मी हात पुसून बटण दाबलं. मारिसेलने पेन खाली ठेवलं आणि उभी राहिली. सुदामा द्वारकेच्या दारात पोचला होता, द्वारपाल त्याला हटकत होते.

आणि लाईट गेली.

बुवांचं वाक्य अर्ध्यावर तुटलं. टीव्ही गेला, मिक्सर गेला, पंखे गेले. अख्खा मजला मुका झाला आणि त्या मुकेपणात तीनशे चारमधला आवाज सगळ्यांच्या घरात शिरला. धप्. जरा थांबून, धप्. ओलं पोतं लादीवर आपटावं तसा. मग नंदकुमारचा आवाज, अगदी शांत, "बोल ना आता. बोल." गंधालीचा आवाज नव्हताच. घशातून काहीतरी खरवडल्यासारखं येत होतं, तेवढंच.

"व्हॉट इज दॅट?" मारिसेलने विचारलं.

"बस गं. येईल लाईट आत्ता."

तिने मोबाईलचा टॉर्च लावला तो माझ्या तोंडावर. क्षणभरच. मग ती धावली.

तीनशे चारचं सेफ्टी डोअर लोखंडी, मोबाईल खिशात खोचून त्यावर ती दोन्ही मुठींनी तुटून पडली. जिनाभर घणघणाट. "गंधाली! ओपन! ओपन!" समोरच्या दाराच्या भोकातून श्यामसुंदरभाऊ बघत असणार, पण दार उघडलं नाही. मी माझ्या उंबऱ्यात उभी. पाय काही केल्या पुढे येईनात.

नंदकुमारने आतलं दार उघडलं, मग लोखंडी. घामाने शर्ट अंगाला चिकटलेला. "ए मॅडम, गो होम. आमच्या घरातला मामला आहे." ती त्याच्या हाताखालून आत घुसली.

आमची दारं काटकोनात, तिच्या खिशातल्या टॉर्चच्या उजेडात मला आतलं दिसलं. मशीनच्या पायाशी गंधाली पालथी पडली होती आणि तिच्या गळ्याभोवती तिचीच मापाची टेप दोनदा वळलेली. मारिसेल तिच्यावर कोसळली आणि टेपेत बोटं घालून ओढायला लागली. नंदकुमारने कोनाड्यातली तबला सुरात लावायची हातोडी उचलली. पितळी डोक्याची. मारिसेलच्या खांद्यात मारली. तिने टेप सोडली नाही. मग भुवईवर मारली. कातडी फाटल्याचं मला दिसलं आणि रक्त तिच्या डोळ्यात उतरलं. ती किंचाळली नाही. टेप सुटली तशी गंधालीने श्वास घेतला. तो आवाज माणसाचा नव्हता.

तिसरा घाव कवटीवर बसायचा. मारिसेलने मशीनची खुर्ची पायाने लोटली, ती त्याच्या नडग्यांवर बसली, तो वाकला आणि हातोडी लादीवर घरंगळली. तेवढ्यात ती गंधालीचे पाय धरून तिला दाराकडे ओढत निघाली. एक पाऊल, दोन पावलं. लादीवर रक्ताचा पट्टा. उंबरा ओलांडला आणि गंधालीचं धड बाहेर आलं, पण नंदकुमारने झेप घेऊन तिची वेणी पकडली. उजव्या हाताने. वेणी हाताला एक वेढा देऊन खेचली तसं गंधालीचं डोकं उंबऱ्यावर आपटलं. मारिसेल पाय धरून इकडे ओढतेय, तो वेणी धरून तिकडे; डोकं उंबऱ्याबाहेर, वेणी ताणलेली आणि चौकटीत त्याचं मनगट.

"तीता!" मारिसेल ओरडली. "हेल्प!"

माझे पाय कधी सुटले ते माहीत नाही. मी लोखंडी दार दोन्ही हातांनी धरलं आणि त्याच्या मनगटावर आपटलं.

त्याने वेणी सोडली नाही. "काकू," तो म्हणाला. मंदिरात "काकू, माइक जरा पुढे घ्या" म्हणतो, त्याच आवाजात. "काकू, माझा हात आहे."

मला ठाऊक होतं कुणाचा हात आहे ते. मी दार उघडलं आणि सगळं अंग घालून परत आपटलं. आत काहीतरी मोडलं, ओली काटकी मोडावी तसं. त्याची बोटं उघडली. वेणी सुटली. आता थांबायला हरकत नव्हती. मी तिसऱ्यांदा आपटलं.

तो हात पोटाशी धरून आत पडला आणि जनावरासारखा ओरडायला लागला. मारिसेलने बाहेरून कडी घातली. तेव्हा कुठे मजल्यावरची दारं उघडली. श्यामसुंदरभाऊ बॅटरी घेऊन आले, त्यांनी आधी आत बघितलं, मग माझ्याकडे.

"काकू, काय करून बसलात!" ते म्हणाले. "शनिवारी सप्ताह बसतोय!"

मारिसेलने अँब्युलन्सला आणि पोलिसांना फोन करायला मोबाईल माझ्या हातात दिला. तो रक्ताने बुळबुळीत झाला होता. मी फोन केला.

हॉस्पिटलात गंधालीला स्ट्रेचरवर घेतलं. जबड्याचं हाड मोडलेलं, गळ्याभोवती टेपेचे लाल वळ, पण डॉक्टर म्हणाले, जगेल. अजून दोन मिनिटं गेली असती तर आम्ही काही करू शकलो नसतो, असंही म्हणाले. मारिसेलच्या भुवईला सात टाके पडले. ती गंधालीच्या उशाशी न जाता माझ्या शेजारी बाकड्यावर बसली, माझा हात हातात घेऊन.

महिला हवालदार वही घेऊन आली. नाव लिहिलं, मृणालिनी, वय त्रेसष्ट. घडलेलं लिहिलं. दाराचंही मी सगळं सांगितलं, तिन्ही वेळा. मग तिने विचारलं, "याआधी कधी मारहाणीचा आवाज ऐकलेला?"

श्यामसुंदरभाऊ पाठीमागे उभे होते. ते वाकून पुटपुटले, "नाही म्हणा. आज पहिल्यांदाच, म्हणा. सगळी सोसायटी तेच सांगणार आहे."

"याआधी?" मारिसेलला तेवढा शब्द कळला असावा. ती पुढे झाली आणि हवालदाराला इंग्रजीत, स्पष्ट स्पष्ट, वर्गात सांगावं तसं म्हणाली, "मॅडम, त्यांना कसं ऐकू येणार? त्या वेळी त्या नेहमी प्रार्थनेत असतात. मी स्वतः बघितलंय."

हवालदाराने माझ्याकडे बघितलं. "काय म्हणतात या?"

स्ट्रेचरवरून गंधालीही बघत होती. तिला बोलता येत नव्हतं. तिची साक्ष त्या रात्री होणारच नव्हती. माझी झाली नाही तर उद्या मजला म्हणणार, तो तर भला माणूस, फुकट तबला वाजवतो, एकदा भांडण झालं आणि म्हातारीने त्याचा हात मोडला. मग तो सुटून घरी येणार. आणि ही घरी जाणार.

"त्या चुकीचं सांगतायत," मी म्हटलं. "मी ऐकलंय. तीन वर्षं. आठवड्यातून दोनदा, तीनदा. ऐकू येऊ नये म्हणून मी कीर्तन मोठ्याने लावायचे."

"अहो काकू..." श्यामसुंदरभाऊ म्हणाले.

"मोठ्याने लावायचे," हवालदाराने लिहिलं.

मग मी मारिसेलकडे वळून तेच इंग्रजीत सांगितलं. बँकेत तीस वर्षं ज्या इंग्रजीत पत्रं लिहिली, त्यात हे सांगायला फार शब्द लागले नाहीत. तिला पहिल्यांदा कळलं नाही. मी परत सांगितलं.

"मी उभी राहायचे तेव्हा?" तिने विचारलं.

"तेव्हाही."

तिने माझा हात सोडला. झिडकारला नाही, माझ्याच मांडीवर ठेवून दिला, परक्याची वस्तू परत करावी तसा. उठून स्ट्रेचरच्या पलीकडे गेली आणि गंधालीच्या पायांशी उभी राहिली. टाक्यांखालचा डोळा सुजून बंद झाला होता. दुसऱ्याने ती माझ्याकडे बघत होती.

"बोला बाई," हवालदार म्हणाली. "थांबू नका. अगदी पहिल्यांदा कधी ऐकलं, तिथपासून सांगा."

"पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी दार वाजवलं होतं," मी म्हटलं. "आणि आत जाऊन चहा प्यायले."