शून्य युनिटचं बिल

बोर्डीतल्या आमच्या घराच्या मागच्या पडवीत वासंतीची, म्हणजे माझ्या बायकोची, खानावळ होती. किनाऱ्यावर येणारे पर्यटक आणि शाळेतले एकटे राहणारे शिक्षक तिथे जेवत. गुडघ्यांमुळे उभं राहणं अशक्य झालं तेव्हा तिने ती बंद केली. खानावळीचा पाइपचा गॅस मात्र तसाच राहिला. वापर शून्य, तरी बिल ठरल्यासारखं येई. व्यावसायिक जोडणीचं शुल्क, मीटरचं भाडं, वर कर. मी ते वाचायचो, चिडायचो आणि भरायचो. चिडणं मला जमतं, तक्रार जमत नाही.

वापीहून शैलेशचा, आमच्या मुलाचा, फोन आला की तोच विषय. "बाबा, बंद करून टाका ना. न जेवलेल्या ताटाचे पैसे देताय तुम्ही."

"आईला विचारायला हवं," मी म्हणायचो.

ते विचारणंच अवघड होतं. गॅस तोडायचा म्हणजे खानावळ आता कायमची संपली, असं तिला तोंडावर सांगायचं. ती अजूनही खानावळीची गॅसभट्टी रोज पुसत होती. शेवटी एकदा तिनेच बिल हातात घेतलं. "तोडून टाका हो. उगाच कशाला," म्हणाली आणि लसूण सोलायला बसली. इतका सोलला, की तो पुढे आठवडाभर पुरला.

डहाणूच्या गॅस ऑफिसला जाताना बसमध्ये मी वाक्यं जुळवली. 'जी वस्तू वापरलीच नाही तिचं शुल्क कोणत्या न्यायाने?' हे पहिलं वाक्य होतं. काउंटरवर भाविका नावाची गुजराती मुलगी होती. "बेसो ने काका," खुर्ची दाखवत ती इतक्या प्रेमाने म्हणाली, की वाक्य कुठल्या कुठे गेलं.

"गॅस बंद करायचा आहे," मी माफी मागितल्यासारखं म्हणालो.

"वापर नाही, तरी मीटर तर तुमच्याकडेच छे ने काका? मग चार्ज लागणार."

"लागू दे," मी म्हणालो. हे मला मुळीच म्हणायचं नव्हतं.

ती हसली. "गुरुवारी माणूस येईल मीटर काढायला."

गुरुवारी मनिष आला. तलासरीचा, बोलका. त्याने मीटरजवळचा व्हॉल्व्ह बंद केला. "मावशी, आता भट्टी पेटवा. पाइपात राहिलेला गॅस जाळून टाकायचा असतो. तो संपला की मी मीटर काढतो."

"रिकामी भट्टी पेटवू?" वासंती म्हणाली. "आमच्या घरात वर काही ठेवल्याशिवाय जाळ करत नाहीत. थांब, चहा ठेवते."

भट्टी बुटकी, गुडघ्याएवढ्या उंचीची. पूर्वी ती उभ्याने वाकून ढवळायची. आता वाकवेना, म्हणून तिने पडवीतली माझी वाचायची खुर्ची ओढली, तिच्यावरचं पुस्तक माझ्या हातात दिलं आणि बसली. दूध, पाणी, गवती चहाची पात, फुदिना. भट्टी भपकन पेटली, जरा वेळ जळली आणि विझली.

"संपला," मनिषने पाना उचलला.

"चहा कुठे झालाय?"

"राहू दे मावशी, मी घरून पिऊनच निघालोय."

"या पडवीतून मी कुणाला कच्चा चहा पाजून पाठवलेलं नाही. उघड ते."

मनिषने माझ्याकडे पाहिलं. मी पुस्तकाकडे पाहिलं. त्याने व्हॉल्व्ह उघडला.

चहा उकळला. वासंती जाळाकडे बघत बसली होती. मग म्हणाली, "अहो, ती कढई द्या. आणि कांदा." बसल्या बसल्या तिने पोहे परतले. उलथनं नीट पोचत होतं, गुडघ्यांनी ब्रही काढला नाही. ते तिच्याही लक्षात आलं असावं.

"एवढी वर्षं मी उभी का राहत होते?"

"मला वाटायचं, तुला तसंच सोयीचं पडतं."

"तुम्हाला वाटतं खूप. बोलत नाही काही."

मनिषने पोहे दुसऱ्यांदा मागून घेतले. हात धुऊन विचारलं, "मावशी, मग मीटर काढू?"

"त्याच्यावरचे पोहे खाल्लेस आणि मीटर काढतोस?"

"ऑफिसात काय सांगू?"

"सांग, बाईंचा स्वयंपाक चालू आहे."

आता खानावळ फक्त दुपारची असते. सुकी नावाची शेजारीण भाजी चिरून देते. शिक्षक पुन्हा येऊ लागलेत, आणि या बाजूला काम निघालं की मनिषही.

परवा बिल आलं. आधीपेक्षा मोठं. युनिटच्या रकान्यात शून्य नव्हतं, म्हणून मी ते शैलेशला फोनवर वाचून दाखवलं.

"बाबा, बिल वाढलंय आणि तुम्ही हसताय?" तो म्हणाला.

माझी खुर्ची मात्र भट्टीसमोरच राहिली. मी ओट्याच्या पायरीवर बसून वाचतो. आपण एक नवी खुर्ची आणू या, असं वासंतीला सांगायचं आहे. वाक्य जुळवतो आहे.