मागून येणाऱ्यानं दार लावायचं

घुम्या हे नाव त्याला आईनं ठेवलं आणि ते त्याला चपखल बसलं. लहानपणी शाळेतून आला की दप्तर टाकायचा, कोपऱ्यात जाऊन बसायचा आणि काही विचारलं तर 'काही नाही' म्हणायचा. आता चाळिशी आली तरी तऱ्हा तीच. कोपऱ्यात टेबल आलं, दोन स्क्रीन आल्या आणि तिथं बसून तो एकट्यानं कॉम्प्युटरचे गेम बनवायला लागला. एकट्यानं म्हणजे अगदी एकट्यानं. भिंती तोच रंगवणार, दारांचे आवाज तोच भरणार, चुका तोच करणार आणि शोधणारही तोच.

वर्षाचा शेवटचा दिवस होता, दुपारचे तीन वाजले होते. त्याच्या गेमची वाट बघणारे दोन-तीनशे लोक होते. वर्षभरात काय काम झालं हे सांगणारं एक पत्र तो दर वर्षअखेरीला त्यांना लिहायचा. यंदा सकाळपासून पान कोरं होतं. तेवढ्यात ताईचा फोन आला.

"काय रे घुम्या, झालं का पत्र?"

"लिहितोय."

"आणि गेम? वर्षाच्या आत संपवतो म्हणाला होतास."

"एक दार राहिलंय."

"चार महिने तुझं एकच दार राहिलंय! एखादा सुतार बसवला असता तर त्यानं एव्हाना गावाला दारं पुरवली असती." मग तिचा आवाज जरा खाली आला. "घराबाहेर कधी पडला होतास शेवटचा?"

"दूध आणायला."

"दूध तुझ्या दारात येतं, घुम्या."

त्यानं 'बरं, ठेवतो' म्हणून फोन ठेवला. खोटं बोलायलाही माणसांत वावरावं लागतं, तो सराव त्याला कुठला!

ताईचं बरोबर होतं. गेम म्हणजे सात खोल्यांचं एक घर. खेळणाऱ्यानं खोली-खोली फिरायचं, दिवे घालवायचे, नळ बंद करायचे, खिडक्या लावायच्या आणि सगळं घर आवरून बाहेर पडायचं. फक्त बाहेर पडायचं दारच अजून नव्हतं. ते बसवायचं तर स्वयंपाकघराची भिंत, तिच्यातल्या आतल्या दारासकट, दोन हात सरकवायला हवी होती. काम फार तर अर्ध्या दिवसाचं. घोंगडं मात्र चार महिने भिजत पडलं होतं आणि त्याचं कारण ताईला सांगण्यासारखं नव्हतं.

गेम बनवणारे एक युक्ती करतात. एखाद्या साध्या माणसाला गेम खेळायला बसवतात आणि त्यानं कोणती कळ कोणत्या क्षणी दाबली ते मशीनला नोंदवून ठेवायला सांगतात. मग रोज त्याच कळा, त्याच वेळांना मशीन आपली आपण दाबतं. त्या माणसाची अख्खी फेरी पुन्हा होते आणि कुठं काही बिघडलं असेल तर तिथं अडखळते. घुम्यानं ही फेरी आईकडून करून घेतली होती.

"यात मारामारी नाही ना?" आईनं चष्मा नाकावर सरकवत विचारलं होतं.

"नाही गं. फक्त घर आवरायचं."

"मग ते मला तू शिकवू नकोस."

आणि दोन बोटांनी कळा दाबत ती साती खोल्या फिरली होती. दिवा घालवला, टपकणारा नळ पिळला, खुर्ची टेबलाखाली सरकवली. अकरा मिनिटं बेचाळीस सेकंद. एवढी कसून फेरी कुठल्या पगारी माणसानं केली नसती. शेवटी म्हणाली, "बाहेर जायचं दार कुठंय?"

"अजून केलं नाही."

"कमाल आहे बाई! घर बांधलं आणि दार नाही." घरातला तिचा नियम ठरलेला होता. कुठं निघायचं असलं की दिवे घालवत ती पुढं व्हायची, चपला घालून जिना उतरायला लागायची आणि खालून ओरडायची, "मागून येणाऱ्यानं दार लावायचं!" मागून येणारा नेहमी घुम्याच असायचा. गेममधला पावलांचा आवाजही तिच्याच चपलांचा होता. डावी चप्पल जराशी फरफटायची.

यंदा आठव्या महिन्यात आई गेली. साधा ताप म्हणून दवाखान्यात नेलं आणि आठवड्यात सगळं आटोपलं. फेरी मागे राहिली. रोज सकाळी घुम्या ती सुरू करायचा आणि चहा टाकायला स्वयंपाकघरात जायचा. स्क्रीनकडं बघायचा नाही, त्याच्यानं बघवायचं नाही. पण मागं खोलीत चपला वाजत राहायच्या आणि अकरा मिनिटं घर भरल्यासारखं वाटायचं.

भिंत हलवली की हे संपणार होतं. फेरी आंधळी असते. तिला भिंत दिसत नाही, फक्त कळा ठाऊक असतात. ते आतलं दार हललं की आई भिंतीवर आदळणार आणि तिथंच जागच्या जागी चालत राहणार. जुन्या घराची प्रत जपून ठेवता आली असती, नाही असं नाही. पण ती प्रत म्हणजे फोटो. आज ज्या घरावर त्याचा हात फिरतोय, त्या घरात ती आज चालायला हवी होती.

पत्रात काय लिहावं हे सुचेना, म्हणून त्यानं कामाची रोजची नोंद उघडली. पहिले सात महिने गच्च भरलेले. नवा जिना, पडद्यांची हालचाल, कपाटातला अंधार. त्यानंतर दर दिवशी एकच ओळ: फेरी ठीक. वर्षाचा हिशोब म्हणावा तर एवढाच. त्याला स्वतःची लाज वाटली.

मग त्याची नजर ओळीशेजारच्या वेळेवर गेली. आई गेली त्या आठवड्यात अकरा बेचाळीस. पुढच्या आठवड्यात अकरा पन्नास. मग बारा सात. आज सकाळी चौदा दहा.

नोंदवलेली फेरी वाढत नाही. वाढूच शकत नाही. त्यानं नोंद तपासली, कळा तेवढ्याच होत्या, एकही जास्त नव्हती. मग त्यानं फेरी सुरू केली आणि चार महिन्यांत पहिल्यांदा समोर बसून पाहिली.

गेममधली बाई पाठमोरीच दिसायची. तिला चेहरा घुम्यानं काढलाच नव्हता. दिसणार नाही त्यावर कशाला खपा? ती नेहमीसारखी फिरली. दिवा, नळ, खिडकी. शेवटची खोली त्यानं आपल्याच खोलीवरून बेतली होती, तेच टेबल आणि तीच खुर्ची. ती खुर्चीपाशी आली आणि खुर्ची न सरकवता मागं नुसती उभी राहिली.

एक मिनिट गेलं. दोन गेली.

जेवायची वेळ टळून गेली आणि तो उठला नाही, की आई अशीच उभी राहायची. हाक मारायची नाही. आपल्या मागं ती उभी आहे हे मानेलाच कळायचं. आत्ताही मानेला कळत होतं. घुम्यानं वळून पाहिलं नाही. त्याची छातीच झाली नाही.

तिचा पाय निघत नव्हता, कारण हा उठत नव्हता. आणि निघाला असता तरी जाणार कुठून? दार यानंच ठेवलं नव्हतं. घुम्याला रडू आलं. चार महिन्यांत आलं नव्हतं ते आत्ता आलं, हुंदके देऊन आलं. मग त्यानं बाहीनं तोंड पुसलं आणि भिंत सरकवायला घेतली.

पाच वाजता दार बसलं. उन्हाची तिरीप टेबलावरून खाली उतरली होती. त्यानं फेरी सुरू केली.

हॉल झाला. दोन खोल्या झाल्या. स्वयंपाकघरात तिनं नळ पिळला, वळली आणि आतलं दार पूर्वी होतं तिथं जाऊन भिंतीवर आदळली. चपला वाजत राहिल्या. फट, फर्र. फट, फर्र. जागच्या जागी, भिंतीला नाक लावून. हेच होणार हे त्याला माहीत होतं, तरी ते बघवेना. थांबवायला त्यानं हात पुढं केला.

चपला थांबल्या.

बाई सावकाश वळली आणि स्क्रीनबाहेर बघू लागली. चेहऱ्याच्या जागी नुसता सपाट रंग होता. तरी ती आपल्याकडंच बघतेय यात त्याला शंका राहिली नाही. मग भिंतीला हात लावत, चाचपडत ती दोन हात बाजूला गेली आणि तिला सरकलेलं दार सापडलं.

पुढं तिनं घाई केली नाही. राहिलेले दिवे घालवले. शेवटच्या खोलीत खुर्ची टेबलाखाली सरकवली. मागं उभी राहिली नाही. बाहेरच्या दारापाशी आली, ते उघडलं आणि निघून गेली. दार लावलं नाही.

खाली निकाल उमटला: फेरी पूर्ण नाही. एक दार उघडं.

घुम्यानं ती ओळ पुन्हा वाचली. मग कोऱ्या पानावर त्यानं लिहिलं, 'या वर्षी मी घराला बाहेर पडायचं दार बसवलं. बाकी सांगण्यासारखं काही नाही.' आणि पत्र पाठवून दिलं.

तो उठला. खुर्ची टेबलाखाली सरकवली आणि हॉलमध्ये आला. सकाळी दूध आत घेऊन त्यानं स्वतःच्या हातानं कडी घातली होती. आता घराचं दार सताड उघडं होतं. स्वयंपाकघरातला दिवा दिवसभर जळत होता, तोही कुणीतरी घालवला होता.

 त्याचे पाय मात्र मागं फिरले नाहीत. त्यानं चपला घातल्या, उंबरा ओलांडला आणि दार ओढून घेतलं.

खाली, एक मजला पुढं, कुणीतरी सावकाश जिना उतरत होतं. फट, फर्र. फट, फर्र.

"लावलं गं," घुम्या म्हणाला आणि उतरायला लागला.